नऊ भोकांच्या पाटीची कैफियत

मी एक जुनी पाटी आहे. दुकानावर नाव लिहितात तसली नव्हे, आणि मुलं अक्षरं गिरवतात तसलीही नव्हे. मी दीड वीत लांब आहे. माझ्या अंगावर तीन ओळींत नऊ भोकं आहेत आणि एका टोकाला तळहाताएवढी खोलगट वाटी कोरलेली आहे. वाटीत नऊ खुंट्या असतात. माणसाने एका हाताने एकेक खुंटी उचलायची, भोकात घालायची, सगळी भोकं भरली की एकेक काढून परत वाटीत टाकायची. किती सेकंद लागले ते घड्याळात बघून कागदावर लिहायचं. मग मला फिरवून वाटी दुसऱ्या बाजूला आणायची आणि दुसऱ्या हाताने तेच करायचं. बस, एवढंच माझं काम. मित्रांनो, इतक्या साध्या कामात माणसं किती घोळ घालू शकतात ते मी तीस वर्षं पाहत आले आहे, आणि खरं सांगते, मला आता वीट आला आहे.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर झाला. तिथे सुताराची खोली होती. मोडलेल्या खाटा, लंगडी टेबलं, निखळलेली दारं त्याच्याकडे येत. एका जुन्या कपाटाचं दार त्याने कापलं आणि त्यातून मी निघाले. त्याने गिरमिटाने नऊ भोकं पाडली. मधल्या ओळीतलं शेवटचं भोक जरा अरुंद झालं. सुताराने त्यात बोट घालून पाहिलं, म्हणाला, चालतंय. ते चालत नव्हतं. आजही त्या भोकात खुंटी अडकते आणि माणसं माझ्याकडे बघून चुकचुकतात. चूक सुताराची आणि डोळे वटारायचे माझ्यावर.

तिथून मी तिसऱ्या मजल्यावर गेले. मेंदूच्या आजारांच्या विभागात, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि नीट बंद न होणारी एक खिडकी. त्या खोलीत जी बाई बसायची तिचं पद दारावरच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं, पण ते इतकं लांबलचक होतं की शेवटपर्यंत कोणी वाचत नसे. तिच्या गळ्यात काळ्या दोरीला सेकंद मोजायचं घड्याळ लटकत असे. म्हणून सगळे तिला घड्याळबाई म्हणत. पेशंटच्या हातांचा जोर, बोटांचा वेग, आठवण, बोलणं, सगळं ती तपासून लिहून ठेवी. सावळी, ठेंगणी, कमी बोलणारी बाई. माझं कौतुक केलं असेल तर एकट्या तिनेच केलं. शिकाऊ डॉक्टर आले की ती मला उचलून दाखवायची आणि म्हणायची, "ही पाटी खोटं बोलत नाही. बाकी सगळे बोलतात."

बाकीच्यांनी मात्र माझे हाल केले. कोणी माझ्यावर चहाचा कप ठेवला, त्याची गोल खूण अजून आहे. कोणी माझी एक खुंटी खिडकीच्या फटीत ठोकली आणि तिच्या जागी पेन्सिलीचा तुकडा आला. हात बदलताना मला फिरवायचं हे निम्म्या लोकांच्या डोक्यातच शिरत नसे. वाटी उजवीकडेच राही आणि बिचारा डावा हात आडवा जाऊन खुंट्या शोधत बसे. मग तो हळू निघाला की लिहून मोकळे, डावा हात मंद. अरे, मंद तो नव्हता.

आणि तो फॉर्म! पेशंट आत येण्याआधी खाली खिडकीवर एक फॉर्म भरला जाई. त्यात एक ओळ होती, ‘हात : उजवा / डावा’. खिडकीवरच्या कारकुनाला दिवसाला शंभर फॉर्म भरावे लागत. दहातली नऊ माणसं उजव्या हाताचीच असतात, हे त्याच्या लक्षात आलं. झालं, त्याने शिक्का बनवून घेतला. ‘उजवा’. कोणाला विचारणं नाही, बघणं नाही, फॉर्म आला की ठप्प. घड्याळबाईने दोनदा खाली जाऊन त्याला सांगितलं. तो म्हणाला, बाई, कोणी डावा असेल तर तो स्वतःच सांगेल ना. घड्याळबाईने कपाळावर हात मारला आणि परत आली.

सांगत नाहीत, मित्रांनो, हीच तर अडचण आहे. तुमचे शब्दच बघा. एखाद्याला टाळलं की तुम्ही म्हणता, त्याला डावललं. एखादा सरस निघाला की तो उजवा ठरला. सोपं काम म्हणजे डाव्या हाताचा मळ. ज्या हाताला भाषेतच इतका मार बसतो, तो हात लहानपणीच पाठीमागे जायला शिकतो.

घड्याळबाई शिकाऊ डॉक्टरांना जे समजावून सांगायची ते ऐकून ऐकून मला पाठ झालं आहे. तुम्हालाही सांगते. मेंदूचे दोन अर्धे असतात. डावा अर्धा शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा अर्धा डावी. बोलण्याचं काम बहुतेक माणसांमध्ये मुख्यतः डावा अर्धा बघतो. उजव्या हाताच्या शंभर माणसांत साधारण पंचाण्णवांचं तसं असतं. डावखुऱ्यांपैकीही दहातल्या सातांचं तसंच असतं. पण उरलेल्या तिघांचं बोलणं उजव्या अर्ध्यात असतं, नाहीतर दोन्हीकडे वाटलेलं असतं. कोण डावखुरा होणार हे आईच्या पोटात असतानाच ठरू लागतं. तिथेही बाळ एक हात जास्त हलवतं. त्यात आईबापांकडून आलेल्या अनेक गोष्टींचा थोडा थोडा वाटा असतो आणि बराचसा योगायोग असतो. पक्कं कारण अजून कोणालाच सापडलेलं नाही. सवयीचा किंवा हट्टाचा त्यात संबंध नाही.

हे ऐकून झालं की कोणीतरी हमखास म्हणे, डावखुरे म्हणजे कलाकार, त्यांचा उजवा मेंदू चालतो. घड्याळबाई शांतपणे सांगायची की दोन्ही अर्ध्यांच्या मध्ये तंतूंचा जाड पूल असतो, आणि चित्र काढायला काय, हिशेब करायला काय, दोन्ही अर्धे लागतात. समोरचा मान डोलवायचा आणि जिन्यात गेल्यावर पुन्हा तेच बोलायचा. मी लाकडाची आहे, पण ऐकून माझंही डोकं उठायचं.

आता ज्या बाईची गोष्ट सांगायला बसले तिच्याकडे येते.

ती बसस्टँडवर घोषणा करायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली, कोणती उशिरा येतेय, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, सगळं शहर तिच्या आवाजात ऐकायचं. तिला सगळे फलाटताई म्हणत. बेचाळीस वर्षांची, उंच, भरल्या आवाजाची. ती आमच्या खोलीत आली तेव्हा बरोबर तिची आई होती. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, हातात कापडी पिशवी घेऊन भिंतीला टेकून बसली.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी माईकसमोर ती "फलाट क्रमांक" एवढं बोलली आणि थांबली. पुढचा आकडा तिला दिसत होता पण तोंडात येईना. अर्धा मिनिट सगळा स्टँड भोंग्याकडे माना वर करून बघत राहिला. तेवढ्यात तिच्या डाव्या हाताची बोटं आपोआप थरथरली. मग सगळं पूर्ववत. असं तीनदा झालं. तपासणीत मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, पुढच्या बाजूला, एक गाठ दिसली. गाठ हळू वाढणारी होती, पण काढायला हवी होती. मोठ्या डॉक्टरांनी म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तिला धीर दिला होता की गाठ उजवीकडे आहे, तुम्ही उजव्या हाताच्या आहात, बोलण्याची जागा डावीकडे, तेव्हा आवाजाची काळजी करू नका. पूर्ण भूल देऊ, गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढू. दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. त्याआधी हातांची नोंद हवी म्हणून तिला आमच्याकडे पाठवलं होतं.

फॉर्मवर शिक्का होताच. तरी घड्याळबाईने विचारलं. फलाटताई म्हणाली, उजवी. घड्याळबाईने विचारलं, लहानपणापासून? ती म्हणाली, हो, सगळं उजव्यानेच. आई भिंतीकडे बघत होती.

आधी उजवा हात. तेवीस सेकंद. मग घड्याळबाईने मला फिरवलं, नीट, वाटी डावीकडे. डावा हात. अठरा सेकंद.

घड्याळबाईने घड्याळ कानाला लावून पाहिलं, जणू ते बिघडलंय. पुन्हा घेतलं. उजवा बावीस, डावा अठरा. तिसऱ्यांदाही तसंच. त्या अरुंद भोकातसुद्धा डाव्या हाताने खुंटी जराशी फिरवून पहिल्या झटक्यात बसवली. मित्रांनो, हजारो हात माझ्यावरून गेले आहेत. कोणता हात पाहुण्यासारखा बिचकत येतो आणि कोणता घरच्यासारखा, हे मला पहिल्या दोन खुंट्यांत कळतं. तो डावा हात घरचा होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण लाकडाला तोंड कुठलं!

घड्याळबाईने पुन्हा विचारलं, "ताई, नक्की ना?"

फलाटताईला राग आला. ती म्हणाली की इतकी वर्षं मी माझ्या हाताने लिहितेय, मला माहीत नसणार का? आणि रागारागात तिने पाण्याची बाटली उजव्या हातात धरली आणि डाव्या हाताने तिचं झाकण फिरवून उघडलं. तिचं तिला कळलंसुद्धा नाही. घड्याळबाईला मात्र कळलं.

तिने मला काखेत मारलं आणि आम्ही दोघी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता आणि ते जेवणाचा डबा उघडत होते. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. पण त्या दिवशी सकाळपासून ते दोन ऑपरेशनं करून आले होते. घड्याळबाईने आकडे पुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि विचारलं की पेशंट स्वतः काय म्हणते.

"उजवी म्हणते," घड्याळबाई म्हणाली.

"मग चार-पाच सेकंदांवर मी ऑपरेशन बदलू?"

"डॉक्टर, गाठ उजवीकडे आहे. म्हणजे बिघडायचा तर डावा हात बिघडायला हवा होता. तो बिघडूनसुद्धा पुढे आहे. मग बिघडण्याआधी तो केवढा पुढे असेल?"

डॉक्टरांचा हात डब्यावरच राहिला. ते म्हणाले की फिट आली की कोणाचंही बोलणं थांबू शकतं, आणि एका पाटीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पाटी! असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग जरा वेळाने म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत मला एखादा माणूस आणून द्या जो सांगेल की ती डावखुरी आहे. तसं असेल तर मी थांबतो.

म्हणजे बघा, मोजलेलं पटत नव्हतं, पण कोणीतरी तोंडाने सांगितलं की पटणार होतं. अशा वेळी मला वाटतं, सुताराने मला पुन्हा कपाटात ठोकून टाकावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळबाईने एकट्या आईला बोलावलं. फलाटताई खाली तपासणीसाठी रक्त द्यायला गेली होती. आई खुर्चीच्या कडेवर बसली. घड्याळबाईने सरळ विचारलं नाही. तिने आधी सगळं समजावून सांगितलं. की कोणाकोणाचं बोलणं उजवीकडे असतं. की उद्या पूर्ण भूल दिली तर डॉक्टरांना कापताना कळणार नाही की खाली काय आहे. की चुकून ती जागा निघाली तर ती पुन्हा बसवता येत नाही.

आई पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ती उजवीच आहे. मी केलीय तिला उजवी."

घड्याळबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तिला ऐकता येतं, आणि हे मी फार थोड्या माणसांत पाहिलंय.

मग आईने सांगितलं. मुलगी तीन वर्षांची असताना डाव्या हाताने चमचा धरायची, डाव्या हाताने भिंतीवर रेघोट्या मारायची. आईने तिच्या डाव्या हातावर एक पायमोजा चढवला आणि मनगटाशी नाडीने बांधला. जेवताना, लिहिताना, खेळताना. सात वर्षांची होईपर्यंत. पहिले काही महिने मुलगी रडायची. नंतर सकाळी उठून स्वतःच मोजा घेऊन यायची आणि हात पुढे करायची.

"चार वर्षं," आई म्हणाली. "तिला आठवत नाही. मी कधी बोलले नाही. तिच्या वडिलांनाही हे शिकवणं वाटायचं. चांगलं वळण लावलं म्हणायचे."

"आजी, हे डॉक्टरांना सांगाल?"

"तिच्यासमोर नको."

"तिला कळावंच लागेल. तिच्याच डोक्याचं आहे."

आईने बोटाला गुंडाळलेला बंद सोडवला. खिडकी वाऱ्याने आपटत होती. मग ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, चला.

आम्ही गेलो. मला कशाला नेलं कोण जाणे, पण घड्याळबाईने नेलं. फलाटताईही तिथे आली, दंडाला कापूस दाबून. आईने डॉक्टरांना सगळं सांगितलं, मोजा, नाडी, चार वर्षं, एकही गोष्ट न गाळता. आवाज खाली गेला की घड्याळबाई म्हणायची, जरा मोठ्याने, आजी. फलाटताई आईकडे बघत होती. मला वाटलं, आता भडका उडणार. पण तिने स्वतःचा डावा हात वर केला, उलटा केला, तळवा बघितला. मग फक्त एवढंच विचारलं, "निळा होता का गं तो मोजा?"

आईने मान हलवली. हो.

मोठ्या डॉक्टरांनी फोन उचलून ऑपरेशन पुढे ढकललं. मान्य करायला हवं, त्यांनी पुन्हा एकदाही वाद घातला नाही.

मग फलाटताईला मेंदूचं चित्र काढणाऱ्या मोठ्या एमआरआय यंत्रात झोपवून मनातल्या मनात शब्द जुळवायला सांगितले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे रक्ताचा ओघ वाढतो आणि यंत्राला ते कळतं. शब्द जुळवताना त्या चित्रात तिच्या मेंदूचा उजवा अर्धा उजळला. डावीकडेही थोडंसं होतं, पण मुख्य घर उजवीकडे. गाठीपासून बोटभर अंतरावर. चार वर्षं मोजा बांधून हाताची सवय बदलली होती, पण आतली मांडणी कोणी हलवू शकलं नव्हतं.

आठवड्याने ऑपरेशन झालं. मी तिथे नव्हते, असल्या जागी मला कोण नेणार? पण घड्याळबाई होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने आईला आमच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. फलाटताईला मधल्या वेळात जागं ठेवलं होतं. डोक्याची कातडी बधिर केलेली होती, आणि मेंदूला स्वतःला दुखत नाही. डॉक्टर एका बारीक दांडीने मेंदूवर हलकासा विजेचा स्पर्श करत आणि ती बोलत राही. आधी घड्याळबाईने तिला चित्रं दाखवून नावं विचारली. खुर्ची, मांजर, छत्री. थोड्या वेळाने ती कंटाळली आणि तिने विचारलं, मी माझ्या गाड्या म्हणू का? डॉक्टर म्हणाले, म्हणा.

मग तिने सकाळचं सगळं वेळापत्रक म्हणायला सुरुवात केली. पाठ होतं तिला. सहा वाजताची गाडी, सव्वासहाची, साडेसहाची. डोकं उघडं, अंगावर हिरवी चादर आणि आवाज अगदी स्टँडवरचा. भूल देणारे डॉक्टरसुद्धा ऐकत होते म्हणे. मोठे डॉक्टर गाठीच्या कडेने पुढे सरकत होते.

"सात दहाची गाडी फलाट क्रमांक," ती म्हणाली आणि थांबली.

डॉक्टरांनी दांडी उचलली.

"नऊ," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा तिथेच स्पर्श केला. ती पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही. डॉक्टरांनी त्या जागी खूण ठेवली आणि तिच्या अलीकडेच थांबले. पूर्वीच्या बेताप्रमाणे तो भाग गाठीबरोबर निघणार होता. गाठीचा एक छोटा तुकडा त्यांना मागे ठेवावा लागला. त्यावर लक्ष ठेवू, ते म्हणाले, पण ती जागा मी तोडणार नाही.

हे ऐकून आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. घड्याळबाईने तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. माझ्यावर नाही ठेवला, शेजारी ठेवला.

पहिले तीन आठवडे फलाटताईला शब्द सापडायला वेळ लागायचा. चमच्याला ती ‘ते हे’ म्हणायची आणि चिडायची. तिच्या भावाने फोनवर सांगितलं की डावखुऱ्यांचं सगळंच वेगळं असतं, काळजी करू नकोस, आता तू चित्रं काढायला लाग. तिने फोन आईच्या हातात दिला. चार महिन्यांनी ती पुन्हा माईकसमोर बसली. आवाज तोच होता. फक्त फलाटाच्या आकड्याआधी ती आता किंचित थांबते, आणि लोकांना वाटतं की ती मुद्दाम थांबते.

सहा महिन्यांनी दोघी परत तपासणीला आल्या. फलाटताईने माझ्यावर दोन्ही हात चालवले. डावा सतरा. ती हसली आणि सांगू लागली की घरी ती आता डाव्या हाताने लिहून बघतेय, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतं, पण हात दुखत नाही. एवढं सांगून ती औषधं घ्यायला खाली गेली.

आई बसून राहिली. घड्याळबाई कागद आवरत होती. आईने हळूच हात पुढे केला आणि एक खुंटी उचलली. डाव्या हाताने. घातली. दुसरी घातली. घड्याळबाईने एका हाताने कागद आवरता आवरता मला फिरवलं आणि वाटी आजीच्या डाव्या बाजूला आणली. चौऱ्याहत्तर वर्षांची, सांधे सुजलेली बोटं. पण मित्रांनो, तो हातही घरचाच होता. पहिल्या खुंटीलाच मला कळलं.

"मला शाळेत मारायचे," आजी खुंट्यांकडे बघत म्हणाली. "पट्टीने, बोटांच्या सांध्यांवर. घरी आले की वडील मारायचे. माझ्या मुलीला कोणी मारायला नको होतं. म्हणून मी मोजा घातला. मऊ होता तो. मी निवडून मऊ घेतला होता."

सगळ्या नऊ खुंट्या बसल्या. घड्याळबाईने घड्याळ सुरूच केलं नव्हतं. तिने खणातून एक कोरा फॉर्म काढला, पेन उघडलं आणि विचारलं, "आजी, लिहू का? हात?"

"लिही," आजी म्हणाली. मग दाराकडे एकदा बघून घेतलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "डावा."

त्याला आता बरीच वर्षं झाली. घड्याळबाई निवृत्त झाली. खोलीत काचेचा एक पडदा आला, त्यावर बोटाने ठिपके हलवायचे असतात, आणि मी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन पडले. धूळ खाते. कधी कोणी फाइल शोधताना मला बाजूला सारतं. मला कोणी वापरावं असा माझा हट्ट नाही. पडद्यावरही हात बरोबर मोजता येतो, मोजणाऱ्याने बघितलं तर.

माझं मागणं साधं आहे. दोन पिढ्यांनी डाव्या हातावर इतका जीव आटवला, एकीने मार देऊन आणि एकीने माया करून, आणि इतकं करूनही मेंदूतली जागा तसूभर सरकली नाही. तेव्हा तुमच्या घरी एखादं मूल डाव्या हाताने चमचा उचलत असेल, तर त्याला उचलू द्या. वळण लावू नका, कौतुकाने नाचूही नका. यात तुम्हाला काहीच करायचं नाही. मित्रांनो, तीस वर्षांत मी एवढंच शिकले की काहीच न करणं हेच तुम्हाला सगळ्यात जड जातं.